मागच्या रांगेतल्या खारी

खालिद माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी मराठीत एम. ए. केलं, तो ॲनिमेशन शिकला. लहानपणी पाहिलेल्या प्रत्येक कार्टून सिनेमात त्याला एकच गोष्ट दिसली होती. छोटासा जीव घरचा कंटाळवाणा धंदा सोडतो, आवडतं काम धरतो आणि शेवटी सगळे नाचतात. म्हणून त्याने स्वारगेटजवळचं वडिलांचं गादीचं दुकान सोडलं आणि कर्वेनगरच्या एका स्टुडिओत नोकरी धरली.

तिथे कुणी नाचत नव्हतं.

सिनेमा एका खारीचा होता. ती गाद्यांच्या कारखान्यातून पळते आणि गायिका होते. खालिदच्या वाट्याला ती आली नाही. कारखान्यातच राहणाऱ्या, मागे कापूस भरणाऱ्या खारी आल्या. वर्षभर त्याच.

त्याने त्यांना अब्बांची सवय दिली. गादी शिवून झाली की त्याचे अब्बा, नियाजचाचा, तिच्यावर आडवे होतात, डोळे मिटतात. मीही ते कितीदा पाहिलंय. खालिदच्या खारी तशाच आडव्या झाल्या. गालात हसत.

"या फार सुखी दिसतायत," सिनेमाचे दिग्दर्शक केदार सर म्हणाले. "मग हिरॉइन पळते कशाला? व्यायाम म्हणून?"

खालिदने सगळ्या खारींची तोंडं पाडली. मग मला म्हणाला, "यार, आवडतं काम तर अब्बाच करतायत. मीच मूर्ख. सोमवारी राजीनामा देतो. दुकानात बसतो."

मला ते लगेच पटलं. कादंबऱ्यांत असंच होतं.

रविवारी आम्ही दुकानात गेलो. चाचा गादीला टाके घालत होते. राजीनाम्याचं बोलण्याआधी खालिदने मोबाइलवर खारींचा तो बदललेला तुकडा लावला.

"अब्बा, वाईट वाटून घेऊ नका. मला हे असं करायला लावलं."

चाचांनी चष्मा पुसला. "परत लाव." एक खार आडवी झाली, तोंड पाडून.

"एवढं हुबेहूब कसं जमलं रे तुला?"

"म्हणजे?"

"कंबर. आडवं झाल्याशिवाय सरळच होत नाही."

"पण तुम्ही डोळे मिटता ना!"

"मग काय पंखा मोजू?"

खालिदने माझ्याकडे पाहिलं. मी कापसाकडे पाहिलं.

"अब्बा, तुम्हाला हे काम आवडत नाही?"

चाचा खरंच विचारात पडले. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं.

"आवडतं की. सकाळी आवडतं."

"आणि नंतर?"

"नंतर दुपार होते." त्यांनी सुईत दोरा ओवला. "तू काही सांगायला आला होतास ना?"

"नाही. सहजच."

बाहेर येऊन खालिदने विचारलं, "आता?" मी रिक्षाला हात केला.

सोमवारी संध्याकाळी मी त्याला फोन केला.

"राजीनामा?"

"नाही दिला."

"म्हणजे काम आवडतं तुला?"



"किती वाजताचं विचारतोयस?"