टोपी-टॉवेल नसलेलं लग्न

विद्यापीठानं पदवीच्या पोरांना शाश्वत विकास हा विषय लावला आणि आमच्या वसमतच्या कॉलेजात तो माझ्या गळ्यात पडला. पुस्तकाची भाषा इतकी जड, की पहिल्याच तासाला अर्धा वर्ग पेंगला. मी पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं, घरातली एक रीत बदलून दाखवा, गुण त्याचे मिळतील.

बहुतेकांनी कुणाच्या तरी रोपाशेजारी उभं राहून फोटो काढून आणले. शिरड शहापूरकडच्या एका पोरीनं मात्र घरात भांडून हळदीचा पाला जाळणं थांबवलं आणि त्याचं खत केलं. ते डब्यात घालून वर्गात आणलं, सगळ्यांच्या नाकाखाली धरलं. "बघा मॅडम, मातीचा वास येऊन राहिला!" तिला पुढं याच विषयात एमएस्सी करायची होती. माझा जीव होता तिच्यावर, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटच्या वर्षाला तिचं लग्न ठरलं. सासर वारंगा फाट्याकडचं, हळदवाल्यांचं. काढणीच्या आधीच त्यांना सून घरात हवी होती. मी तिच्या वडिलांना भेटायला गेले.

"पेपर देऊ देतो म्हणलेत पाहुणे," ते म्हणाले. "तुमी काळजी करू नका, मॅडम."

पोरगी मला फाटकापर्यंत सोडायला आली. "लग्न तरी माझ्या मनासारखं करते," एवढंच बोलली.

आणि तिनं ते केलं. पळसाच्या पत्रावळी, पाण्याला मातीचे माठ, डीजे नाही. मानपानाला टोपी-टॉवेलाऐवजी सीताफळाची रोपं. नवरदेवाचे मामा रोप असं अंगापासून लांब धरून उभे होते, की जणू कुणी ओलं लेकरू हातात दिलंय. टोपी नाही म्हणून ते रुसले, पंगतीला बसेनात. वडील हात जोडून त्यांच्या मागं मागं फिरले, चारचौघांत बोलणी खाल्ली, पण टोप्या मागवल्या नाहीत. लेकीचा शब्द त्यांनी मोडला नाही. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमचा विषय पास केला का न्हाई पोरीनं?" त्यांचे डोळे भरले होते. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

कॉलेजनं लग्नाचे फोटो मागवून घेतले आणि आदर्श उपक्रम म्हणून फलकावर लावले.

परीक्षेला ती आली नाही. त्या हॉलवर मीच होते. उशिरा येणाऱ्यांना आत घ्यायची वेळ संपेपर्यंत मी दाराकडं बघत राहिले, मग दार लावून घेतलं. पेपर सुटल्यावर तिचा नंबर लावला. फोन सासूबाईंनी उचलला.

"मॅडम व्हय? लई गुणाची पोरगी हाय बघा. धुण्याचं पाणी झाडाला घालती, थोडक्या लाकडात सैपाक करती. समदं येतंय की तिला. आता पेपर काहून पाहिजे?"

बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंखुरं कौतुक होतं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

"आत्याबाई, कोणाचा फोन हाय?"

"कोणाचा न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.