छातीवरचा गुलाबी आठ

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या बाजारात एखादा माणूस कापडाच्या रंगांच्या कुठल्या कारखान्यात आहे हे त्याला विचारावं लागत नसे. त्याच्या कानामागे बघायचं. पिवळं असेल तर तो एका कारखान्याचा, निळं असेल तर दुसऱ्याचा. आम्ही गुलाबी. साबण लावा, रॉकेल लावा, दगडानं घासा, कातडीवर बसलेला रंग जागचा हलत नसे. सरावलीतल्या आमच्या खोलीत उशीचा अभ्रा गुलाबी, टॉवेल गुलाबी, आणि मी भात कालवला की वरणालाही लाली चढायची. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही नोकरी करता की रोज धुळवड खेळता?"

नोकरी म्हणावी अशी ती नव्हतीच. मी टेंपररी होतो. काही महिने काम, मग 'ब्रेक', मग पुन्हा भरती. भरतीच्या वेळी साहेब माझ्याकडे असे बघायचे, जणू हा प्राणी जन्मात पहिल्यांदाच दिसतोय. घरात पहिलं मूल येऊ घातलं होतं आणि सासरे दर भेटीत, चहाचा कप हातात घेण्याआधी, एकच प्रश्न टाकायचे: "जावईबापू, कायम झालात का?"

अशात साहेबांच्या डोक्यात शर्यत शिरली. भिवंडीचे कापडवाले व्यापारी कारखाना बघायला येणार होते. आपला रंग किती पक्का आणि आपले कामगार किती धडधाकट, हे एकाच सकाळी दाखवायचा साहेबांचा बेत. गेटपाशी स्टुलावर चढून त्यांनी भाषण ठोकलं. गेटपासून पाम गावापर्यंत धावत जायचं आणि परत यायचं. "आणि टेंपररी कामगारांत जो पहिला येईल, त्याला मी कायम करीन!"

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या साहेबांच्या मेव्हण्यानं. तो नुकताच लागला होता, अर्थात टेंपररी, आणि शाळेत धावण्याचे बिल्ले मिळवलेला. शर्यत कोणासाठी काढली आहे, हे गेटवरच्या कुत्र्यालाही कळलं.

माझ्या पाळीत दांडी गावचा एक आडदांड काका होता, मासेमारी सोडून कारखान्यात आलेला. तो म्हणाला, "तू धाव रे. त्या पावन्याच्या पायात जोर हाय, पण जिभेवर ताबा नाय. पामला ताडगोळे दिसले का बसलाच बघ."

शर्यतीच्या सकाळी प्रश्न आला, बनियनवर नंबर कशानं लिहायचे? पेंटरकडून ऑईल पेंट आणावा, असं कोणीतरी सुचवलं. साहेब भडकले. "रंगाच्या कारखान्यात रंग विकत आणायचा? लोक हसतील!" लोक नंतर हसलेच, पण वेगळ्या कारणानं. आमचाच गुलाबी रंग पाण्यात कालवून आणला आणि आम्हाला बनियन अंगात घालून ओळीनं उभं केलं. ब्रश फिरला. मेव्हण्याला तीन, मला आठ. गारेगार रंग कापडातून थेट छातीला लागला.

आता, आमचा रंग पक्का होता यात शंका नाही. फक्त कापडात तो पक्का व्हायला कापड रंगासकट उकळावं लागतं. कारखान्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. साहेबांनाही. पण आम्हाला उकळून धावायला पाठवणं त्यांना सुचलं नाही, एवढंच.

भोंगा झाला आणि आम्ही सुटलो. उन्हाळ्याचे दिवस, सकाळ असूनही डांबर तापलेलं. मेव्हणा हरणासारखा पुढे गेला आणि मी बैलगाडीसारखा मागून. थोड्या वेळानं खाली बघतो तर माझ्या आठाला शेपटी फुटलेली. आणखी पुढे ती शेपटी पँटीत शिरली. रस्त्याकडेला उभे असलेले ठेकेदाराचे मजूर ओरडले, "अरे भैया, खून निकल रहा है क्या?"

पामला वळलो तर काकाचं भाकीत खरं. ताडाखाली मेव्हणा मांडी घालून बसलेला, शेजारी कुणाची तरी स्कूटर, अंगावर घामाचा टिपूस नाही, गालात ताडगोळा. मला बघून त्यानं हात हलवला, लग्नाच्या पंगतीतून हलवतात तसा. परतीच्या वाटेवर तीच स्कूटर फुर्र करून मला ओलांडून गेली. मागच्या सीटवर तीन नंबर, मांडीवर ताडगोळ्यांची पिशवी.

शेवटच्या वळणावर चिंचेखाली तो उतरला. तिथून जरी चालत गेला असता तरी जिंकला असता. पण पिशवीत एक ताडगोळा उरला होता. तो सोलण्यात गुंतला असताना मी शेजारून गेलो. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला ओरडताही आलं नाही.

मी पहिला आलो. कामगारांनी गेट डोक्यावर घेतलं. साहेबांनी मात्र माझ्या छातीकडे बघून मान हलवली. "नंबर कुठाय? नंबर नाही तर नोंद नाही." माझ्यामागून मेव्हणा आला, कोरडा ठणठणीत, छातीवर तीन अगदी ठसठशीत. साहेब व्यापाऱ्यांकडे वळले. "बघा शेठ! एवढं धावून आला, पण रंग तसूभर हलला नाही."

धावून! काका पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. "दमलास रे बाला," असं कळवळून म्हणत त्यानं अख्खी बादली मेव्हण्याच्या डोक्यावरून ओतली. तिनाचे पाय लांब झाले, गुडघ्यापर्यंत आले आणि बुटांत जाऊन बसले. व्यापारी पुढे वाकून बघू लागले. साहेब मेव्हण्याच्या पुढे उभे राहून त्याला झाकायला धडपडू लागले.

तेव्हा मला एकाएकी सकाळचा तो गार ब्रश आठवला. दोन्ही हातांनी बनियन डोक्यावरून ओढून काढलं आणि व्यापाऱ्यांसमोर छाती काढून उभा राहिलो. कापडावरचा रंग वाहून गेला होता, पण कातडीवर आठ नंबर तसाच होता, गोलगरगरीत, गोंदवल्यासारखा.

"साहेब," मी म्हटलं, "नोंद घ्या."

एक म्हातारा व्यापारी पोट धरून हसला. "साहेब, तुमचा रंग कापडावर टिकत नाही, पण माणसावर काय बसतो हो! या गड्याला कायम करून टाका आता. आम्ही साक्षीला आहोत."

साहेबांनी शब्द पाळला, त्यांच्या पद्धतीनं. मला कायम केलं ते गुलाबी रंगाच्याच टाकीवर, जिथे चार दिवस काम केलं की माणसं जागा बदलून मागायची. मेव्हण्याला ऑफिसात पंख्याखाली बसवलं, कारण त्याच्या अंगावर पाणी ओतल्यामुळे त्याला म्हणे सर्दी झाली होती.

काही महिन्यांनी सासरे नातू बघायला सरावलीला आले. या वेळी चहा येईपर्यंत थांबले, प्रश्नही विचारला नाही, नुसते माझ्याकडे बघून हसले. मग बाळाला मांडीवर घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून निरखू लागले.

"अगं, याच्या गालाला हे गुलाबी काय लागलंय? पुसलं तरी जात नाही."

बायको आतून म्हणाली, "राहू द्या अप्पा. तुमचे जावई कायम झालेत ना, त्याचं आहे ते."