बिनतिकिटाचा खेकडा

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या काशीत सापडायचा नाही, आणि काशीत संशयी माणसांची काही टंचाई नाही. इथे यात्रेकरू नावाड्यावर संशय घेतो, नावाडी पंड्यावर घेतो आणि माकडं सगळ्यांवर घेतात. मामा तर दगडांवरही घेतात. उभी हयात त्यांनी रेल्वेत तिकीट तपासण्यात घालवली. निवृत्तीनंतर काळा कोट ट्रंकेत गेला, नजर मात्र बाहेरच राहिली. बँकेच्या बदलीने मी वाराणसीला आले आणि पहिल्यांदा त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले, तेव्हा त्यांनी वरचा थर उचलून खालचा थर पाहिला. "वाईट नको वाटून घेऊ, सूनबाई," ते म्हणाले, "देखकर घेतलेलं बरं असतं."

भोसले घाटामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, या गृहस्थांनी चार फुटी काचेच्या टाकीत समुद्र पाळला आहे. खारं पाणी, प्रवाळ, दोन नारिंगी मासे. गाळलेल्या पाण्यात मापून मीठ कालवताना त्यांना पाहून दूधवाला रोज न चुकता म्हणतो, "सामने गंगा जी बहत हईं, अउर चच्चा घरे में नून घोरत हउवन!" पण मामांनी हा छंद का धरला ते मला लवकरच कळलं. समुद्रातून आलेल्या दगडाच्या भोकांत आणि प्रवाळाच्या बुडाशी नको ते जीव लपून येतात. म्हणजे फुकट प्रवास करणारे जिथे खरोखरच असतात, असा हा छंद. मामा भिंग घेऊन तासन्‌तास काचेसमोर बसतात. पारदर्शक, झिपऱ्या समुद्रफुलांचं पीक आलं, की इंजेक्शनच्या सुईने त्यांच्या पोटात लिंबाचा रस सोडतात, आणि मामींना लोणच्याला लिंबं उरत नाहीत. नवा प्रवाळ आला, की आधी औषधी पाण्याची आंघोळ आणि मग महिनाभर वेगळ्या बादलीत मुक्काम. त्या बादलीला कुणी शिवायचं नाही. "जन्मभर माझ्या सोवळ्याला हसले," मामी म्हणतात, "आता बघ. बादलीला पदर लागला तरी चिल्लावतात."

या तपासणीतून आजवर एकच प्रवाळ सुटला. मामांची एकुलती लेक, घरातली बेबी, हिने चेन्नईच्या ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. मामांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते स्टेशनवर, आणि नमस्काराच्या आधी त्याचं तिकीट मागितलं. पुढे त्याच्या पगाराची, गावाची, आडनावाची अशी काही चौकशी केली, की लेक जी रागावून गेली ती तीन वर्षं आलीच नाही. चौथ्या दिवाळीला दोघं आली. जावयाच्या हातात थर्माकोलचा डबा होता. सासऱ्यांच्या छंदाविषयी ऐकून त्याने एका मित्राच्या टाकीतला प्रवाळाचा तुकडा आणला होता, अख्खा प्रवास मांडीवर धरून. बटणांसारख्या हिरव्या जिवांचा झुपका, प्रत्येक बटणाला नारिंगी काठ. दारात मामींनी लेक-जावयावरून भाकरतुकडा ओवाळला, आणि हात होता तसाच डब्यावरूनही फिरवला. झालं! मामा बादली घेऊन उभेच राहिले. "ओवाळून आत घेतलेल्याला आता बादलीत कसं बसवू?" असं म्हणून त्यांनी तो प्रवाळ थेट टाकीत ठेवला. मला त्या दिवशी ते फार आवडले.

होळीनंतर ती बटणं मिटू लागली. चाळीसेक होती, त्यांची पंचवीस झाली. लेक दर रविवारी फोटो मागे आणि मामा जुनाच फोटो पाठवत. दिवाळीला ती पुन्हा येणार होती, आणि आपण आणलेलं बाबांनी मारलं असं तिला वाटलं तर पुन्हा तीन वर्षं जातील, ही त्यांची धास्ती. तपास सुरू झाला. आधी एक केसाळ किडा चिमट्यात सापडला. मामांच्या बोटात त्याची कुसं रुतली, त्याला तडीपार केलं, आणि मग कळलं की तो बिचारा फक्त उष्टं खरकटं साफ करणारा. मग दगडाला पेला तिरका टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेवला, मामींनी नाकाला पदर लावला, आणि सकाळी पेल्यात केसाळ पायांचा एक खेकडा. "पकडला!" मामा ओरडले. "थोबाड बघ त्याचं, सूनबाई! चेहराच सांगतो." खेकडा बरणीत गेला. बटणं मात्र झडतच राहिली. मग मामींच्या उदबत्तीवर संशय गेला, आणि दोन दिवस माझ्यावरही.

एका रविवारी मी गेले, तेव्हा त्यांनी प्रवाळ पांढऱ्या वाडग्यात घेऊन त्यावर पिचकारीने पाणी मारलं. एक बटण सुटलं, आणि चालू लागलं. तांदळाच्या दाण्याएवढी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. अंगावर हिरवे झुपके, टोकं नारिंगी. हे प्राणी ज्या प्रवाळाला खातात त्याचाच रंग घेतात आणि त्याच्याबरोबरच घरात येतात. त्या रंगाचा प्रवाळ घरात एकच होता. मामा चिमट्याने तसल्या एकेक वेचू लागले.

"म्हणजे मामा, हे जावयांनी..." मी म्हटलं.

"चूप! बेबीला एक शब्द बोलायचा नाही." मग हळूच, "दोन रात्री मांडीवर धरून आणलंन् गं त्याने. झोपला पण नाही."

दिवाळीला लेकीने टाकी पाहिली. नऊ बटणं उरली होती. "बाबा, हे काय झालं?" जावयाचा चेहरा उतरला. "पापाजी, हम जो लाया, उसमें कुछ प्रॉब्लम था क्या?" मी मामांकडे पाहिलं. नोकरीत या माणसाने सख्ख्या साडूलाही दंड केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"नहीं, नहीं," मामा म्हणाले आणि त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं. "ये बदमाश था. पकड़ लिया." खेकडा काचेतून सगळ्यांकडे बघत होता. निघताना जावई पाया पडला, तेव्हा मामा म्हणाले, "अगली बार भी कुछ लेके आइएगा."

आता माझी बदली झाली आहे, आणि त्या घराची फार आठवण येते. परवा फोन केला. बटणं चौदा झाली म्हणाले. खेकडा अजून खिडकीतल्या बरणीत आहे. हवेची नळी आहे, रोज ताजं पाणी आहे, आणि स्वतःच्या चहाआधी मामा त्याला कोळंबी भरवतात. निर्दोष आहे तर टाकीत का सोडत नाही, असं मी विचारलं.

"सोडला तर बेबीला शक येईल," ते म्हणाले. मग पलीकडून बरणीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

"रोज त्याच्यासमोर बसतो, सूनबाई. नुसता चेहरा बघून मी किती जणांना गाडीतून उतरवलं असेल गं?"