उलटा बसवलेला ट्रान्सफॉर्मर

लग्नानंतरचे पहिले चार महिने मी वडवणीत नुसती उभी होते, असं मला आठवतं. बसले असेन, झोपले असेन, पण आठवताना मी उभीच दिसते. ओट्यापाशी, दारात, गच्चीवर. नवरा पुण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा आणि आणखी तिघांसोबत एका खोलीत राहायचा. वेगळं घर मिळालं की मला नेणार होता. तोवर मी सासू-सासऱ्यांपाशी. अकरा वाजेपर्यंत घरातलं सगळं आवरून व्हायचं आणि मग उरलेला दिवस अंगावर यायचा.

माझं माहेर नेकनूरजवळचं. रोज बसनं बीडला जाऊन मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. लग्न ठरताना मी त्याला विचारलं होतं, "मी नोकरी केली तर चालेल का?" तो म्हणाला होता, "बघू की." त्या 'बघू'वर मी चार महिने काढले. तेवढ्यात घरातली इस्त्री उघडून नीट केली, मिक्सरचे कार्बन बदलले, देवघरातल्या बोर्डाचं ढिलं कनेक्शन आवळलं. मग दुरुस्त करायला काही उरलंच नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या एकदा म्हणाल्या, "कावून गं सारखी फिरतीस घरात? बस की जरा." मी बसले आणि पाच मिनिटांत पुन्हा उठले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"अजून नाही. तुम्ही?"

"डबा यायचाय."

एवढंच. आमची ओळखच मुळात तीन भेटींची. बोलणार तरी काय? मामा, म्हणजे माझे सासरे, समोर पेपर वाचत बसलेले असायचे, त्यामुळे होतं तेही सुचायचं नाही.

एका शनिवारी तो आला आणि जाताना त्याचा जुना लॅपटॉप मला देऊन गेला. म्हणाला, "यात एक गेम आहे. रविवारी सकाळी दहाला मी असतो त्यात. ये तू पण." मला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण तो गंभीर होता. थोडा लाजलाही होता.

ते सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, गाई-म्हशीसुद्धा खोक्यांसारख्या. खणायचं, गोळा करायचं, बांधायचं. मूळ गेममध्ये वीज अशी फारशी नाहीच. पण लोकांनी स्वतः बनवलेले जादा भाग त्यात घालता येतात. त्यांना मॉड म्हणतात. त्यानं घातलेल्या मॉडमध्ये जनरेटर होते, केबल होत्या, बॅटऱ्या होत्या, धातू वितळवायच्या भट्ट्या होत्या. त्याचे मित्र आधी सोबत खेळायचे, मग एकेक करून कंटाळले. हा एकटाच दहा महिने बांधत राहिला होता.

पहिल्या रविवारी मी दोनदा पाण्यात पडले आणि एकदा कड्यावरून. तिसऱ्यांदा कुठं त्याच्या घरापर्यंत पोचले. आत एका भिंतीला सगळी यंत्रं ओळीनं लावलेली. मी विचारलं, "वीज कुठून येते?" त्यानं खिडकीतून लांबची टेकडी दाखवली. टेकडीवर पवनचक्क्या होत्या, त्यांच्याजवळ एक मोठी बॅटरी, आणि तिथून घरापर्यंत एकशे तीस ठोकळे लांब तांब्याची केबल.

"पण वीज पुरतच नाही," तो फोनवरून म्हणाला. खेळताना आम्ही फोन चालू ठेवायचो. "आणखी चार पवनचक्क्या लावल्या, तरी भट्टी रडतेच."

मला एकदम आमच्या नेकनूरकडचं शेत दिसलं. लाइनच्या अगदी शेवटाला आमची मोटार. उन्हाळ्यात ती नुसती घुमायची, फिरायची नाही.

"केबलमधून जातं किती आणि पोचतं किती, ते मोजलंय का तुम्ही?"

"मोजायचं कशाला? तांब्याची आहे ना, चांगली आहे."

"आणि हे जे युनिट दाखवतंय, तो दाब, म्हणजे व्होल्टेज आहे, की प्रवाह?"

"एकच ना ते?"

तीन वर्षं शिकलेलं सगळं माझ्या अंगात उभं राहिलं.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी लॅपटॉप उघडून बसले; तो नसला तरी त्या जगात जाता यायचं. एका जुन्या वहीत लिहून काढलं. या जगात वीज गठ्ठ्यांनी जाते. छोटा गठ्ठा बत्तीसचा, त्याच्यावरचा एकशे अठ्ठावीसचा. कथलाची बारीक केबल बत्तीसपर्यंतच सोसते. जास्त आलं की जळून जाते. तांब्याची एकशे अठ्ठावीसपर्यंत सोसते. छोट्या यंत्रालाही बत्तीसच चालतात. त्याहून मोठा गठ्ठा गेला की यंत्र फुटतं, नुसतं बंद पडत नाही. उघड्या केबलला हात लागला की शॉक बसतो, म्हणून तिला रबर गुंडाळायचं. परतीची तार मात्र नाहीच. एकाच तारेनं सगळं चालतं, याचा मला फार राग आला.

मग गळती मोजली. तांब्याच्या केबलमधून दर पाच ठोकळ्यांमागे एक युनिट गळत होतं. एकशे तीस ठोकळ्यांना सव्वीस. गठ्ठा छोटा असो की मोठा, गळती तेवढीच. म्हणजे टेकडीवरून निघालेल्या बत्तीसमधले सहा घरी पोचत होते. तेच एकशे अठ्ठावीस करून पाठवले असते तर एकशे दोन पोचले असते. खऱ्या लाइनीत गळतीचं गणित वेगळं, प्रवाहावर चालतं, पण उत्तर तेच येतं. लांब न्यायचं असेल तर दाब चढवून न्या आणि घरापाशी उतरवा.

मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे गं. चाललंय ना कसंबसं. उगाच हात लावला तर बिघडायचं."

मला ते राहू देता आलं नाही. मंगळवारी दुपारी आत्याबाई शेजारी बसायला गेल्या होत्या आणि मामा झोपले होते. मी टेकडीवर एक ट्रान्सफॉर्मर ठेवला, घरापाशी दुसरा. तिथला ट्रान्सफॉर्मर म्हणजे एक ठोकळाच. त्याच्या एका बाजूला तीन ठिपके असतात, ती जास्त दाबाची बाजू. बाकीच्या बाजू कमी दाबाच्या. टेकडीवरचा मी नीट लावला. घरापाशी आले तोवर हात अधीर झाले होते. ठिपक्यांची बाजू भिंतीकडं गेली. माझ्या लक्षात आलं नाही आणि मी शेवटचा केबलचा तुकडा जोडला.

आधी ट्रान्सफॉर्मर फुटला. त्याच्या धक्क्यानं घरातली छोटी बॅटरी फुटली, मग ओळीनं सगळी यंत्रं, मग सामानाच्या पेट्या. मोजून तीन-चार सेकंद. धूर निवला तेव्हा घराच्या जागी खड्डा होता आणि एक दार तेवढं उभं होतं.

मी ओरडले असणार, कारण आत्याबाई धावतच आल्या. "काय झालं? काय जळलं?"

"माझ्या हातून त्यांचं घर उडालं, आत्याबाई."

"कुठलं घर? पुण्यातलं?" त्यांचा चेहरा पांढराफटक. "घर मिळालंतं त्याला?"

मी स्क्रीन दाखवली. त्यांनी खड्डा बघितला, मला बघितलं आणि खाली बसल्या. "देवा," म्हणाल्या, "आन मी काय काय मनात आणलं. असं ओरडू नको गं."

दोन दिवस मी त्याला काही सांगितलं नाही. जेवलीस का, जेवले, एवढंच. हातातलं भांडं निसटायचं, दूध उतू जायचं. गुरुवारी गच्चीवर जाऊन मीच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "दहा महिने लागले होते मला. विचारायचं तरी होतंस."

"विचारलं होतं. तुम्ही राहू दे म्हणालात."

"मग राहू द्यायचं ना!"

"मला न्हाई राहू देता येत!" मी इतकी मोठ्यानं बोलले की समोरच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई वळून बघायला लागली. "चार महिने झाले, मी सगळं राहूच देतेय. डिप्लोमा राहू दिला. तुमचं घर मिळायचं राहू दिलं. नोकरीचं विचारलं तर बघू म्हणालात, तेही राहू दिलं. आता माझ्या हातांना काही ना काही पाहिजे. मला बसवत नाही हो."

त्यानं फोन ठेवला. शुक्रवारी त्याचा फोन आला नाही, शनिवारीही नाही. मामांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "भांडलात का दोघं?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं," आणि परत वाचायला लागले.

रविवारी दहाला मी लॅपटॉप उघडला. खेळायचं नाही असं ठरवलं होतं, तरी उघडला. तो आधीच तिथं होता आणि खड्ड्यात माती भरत होता. मी काठावर उभी राहिले. त्यानं गेममधल्या चॅटवर लिहिलं, "भिंती मी बांधतो. वायरिंग तू कर."

मी लिहिलं, "नकाशा काढल्याशिवाय करणार नाही."

"काढ."

चार रविवार आम्ही ते घर बांधलं. मी कागदावर सगळी लाइन आखली आणि फोटो काढून त्याला पाठवली. यंत्रांची खोली वेगळी, बॅटरी वेगळी, मधे दगडाची भिंत. एक गोष्ट मी खऱ्या कामावरून उचलली. प्रत्येक यंत्राच्या आधी कथलाच्या बारीक केबलचा एकच तुकडा घातला. चुकून मोठा गठ्ठा आला तर आधी तो तुकडा जळावा आणि यंत्र वाचावं. फ्यूजच तो.

"चालेल का पण?" त्यानं विचारलं.

"बघू या." मी तांब्याच्या मोठ्या लाइनीचं टोक सरळ भट्टीच्या वाटेवर जोडलं. तो फोनवर "अगं, अगं" करत राहिला. फस्स झालं, कथलाचा तुकडा गेला, भट्टी जागच्या जागी. तो इतका हसला की त्याच्या खोलीतला कुणीतरी "काय झालं बे?" विचारायला लागला. तो त्याला सांगत होता, "बायकोनं फ्यूज बनवला." त्याच्या तोंडून माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दिवसांत आमचं बोलणंही वाढलं. केबलवरून सुरू व्हायचं आणि कुठंही जायचं. त्याला गर्दीत भीती वाटते, हे मला तेव्हाच कळलं. लहानपणी मला वायरमनच्या मागं मागं फिरायला आवडायचं, हे त्याला कळलं.

बीडच्या रस्त्याला एका सोलर प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं. तिथं तंत्रज्ञ हवेत, असं मला कॉलेजातल्या मैत्रिणीनं सांगितलं. मी त्याला फोनवर सांगितलं आणि थांबले. तो 'बघू' म्हणाला नाही. म्हणाला, "मामा-आत्याबाईंशी मी बोलू का तू बोलतीस?" माझ्या तोंडचे शब्द ऐकून ऐकून तोही आईवडिलांना तसंच म्हणायला लागला होता.

मीच बोलले. मामांची सगळी नोकरी बसवर कंडक्टर म्हणून गेलेली. ते म्हणाले, "सून खांबावर चढणार का आता?"

"खांबच न्हाईत तिथं. पॅनेल जमिनीवर असतात, केबल चरातनं जाते."

"आन लोकं काय म्हणतील?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. घरात ऱ्हायली तर काय काय उडवील."

मुलाखतीत इंजिनिअरनं विचारलं, लांबच्या टोकाला दाब का पडतो? मी कागद मागून आकृती काढून सांगितलं. अनुभव विचारला तेव्हा गडबडले. गेमचं कसं सांगणार? म्हणाले, "घरची लाइन मी केलीय." सहा महिन्यांच्या करारावर घेतलं.

पहिल्या दिवशी मला कळलं की खरी केबल किती जड असते. मनगटाएवढी जाड, चौघांनी खांद्यावर घेतलेली. ठोकळ्यांच्या जगात ती कुठंही काटकोनात वळायची. इथं तिला मोठं वळण द्यावं लागतं, नाहीतर आतून दुखावते. केबलचे दोन तुकडे जोडून जॉइंट भरायचा तर तास जातो. संध्याकाळी बसमधून परत येताना बोटं ताठलेली असायची आणि तरी मांडीवर ती हलतच राहायची.

आणि मग, करार सुरू होऊन महिना झाला नव्हता, तोवर त्याला पुण्यात घर मिळालं. एक खोली, स्वयंपाकघर, पाणी चोवीस तास. फोनवर त्याचा आवाज उडत होता. "कधी येतीस?"

मी गच्चीवर होते. खाली आत्याबाई कुणाशी तरी बोलत होत्या.

"पाच महिने आहेत अजून," मी म्हणाले.

तो नाराज झाला. होणारच होता. दोन-तीन दिवस तुटक बोलला. मग एका शनिवारी न कळवता आला. साइटवर गाडीतून उतरला आणि रिकाम्या चरापाशी उभा राहून मला हेल्मेटमध्ये बघत बसला. परतीच्या बसमध्ये म्हणाला, "मी त्यांना विचारतो. महिन्यातले पंधरा दिवस इथून काम करता येईल का." कंपनीनं दहा दिले. पुण्याची खोली त्यानं ठेवली, भाडं वाटून घ्यायला तिथं आता त्याचा एक मित्र आला.

आमचं सगळं जमलं, असं नाही. दहा दिवस तो वडवणीत असतो आणि नेट गेलं की चिडतो. वीस दिवस नसतो आणि मला चिडायला कुणी नसतं. करार संपायला तीन आठवडे उरलेत. पुढचं काम शिरूर कासारकडं निघतंय, तिथं येशील का म्हणून इंजिनिअरनं परवा विचारलं. मी हो म्हणाले आहे. वडवणीहून रोज जाणं-येणं लांब पडेल, बीडहून जमेल, म्हणून काल आम्ही दोघं बीडला जाऊन तीन खोल्या बघून आलो. एकीला खिडकी नव्हती, दुसरीच्या मालकाला जास्तच चौकशा होत्या. तिसरी बरी आहे. रविवारी पुन्हा जाऊन बघायचीय.