रेडिओतला म्हातारा खाकरला

मला आजही कुणी खाकरलं की हात आधी डोक्यावरच्या पदराकडे जातो. डोक्यावर पदर नसला तरी जातो. ही सवय रिठदची, माझ्या सासरची, सत्तरच्या दशकातली.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, घरात शिरण्याआधी ओसरीवरून खाकरायचे. दोनदा, आणि दुसऱ्यांदा जरा लांबवून. तो आवाज आला की मी आणि थोरल्या जाऊबाई हातातलं काम टाकून, पदर सावरून उभ्या राहायचो. मामाजी मागच्या अंगणात निघून जाईपर्यंत बसायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. ते फक्त जेवणाचं ताट सरकवत. ताट सरकवलं की त्या दिवशी घरात कुणाच्याच घशाखाली घास उतरत नसे, आणि का सरकवलं हे विचारायची सोय नव्हती. सुनांशी ते थेट बोलत नसत. काही हवं असलं की दाराकडे पाहून म्हणायचे, "घरात सांगा, पानी आना." सांगायला मध्ये कुणी नसायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामाजी दाराला सांगत आणि आम्ही ऐकत असू.

अशा घरात माझ्या नवऱ्याने वाशीमहून ट्रान्झिस्टर आणला. दर बुधवारी संध्याकाळी त्यावर एक विनोदी श्रुतिका लागायची. एक कुटुंब, त्यात एक तिरसट म्हातारा आणि एक फटकळ सून. ऐकायला शाळेतले गुरुजी आणि शेजारचा शिंपी ओसरीवर यायचे. मामाजी मधोमध बसायचे. आम्ही दोघी आत चुलीपाशी भाकरी थापत कान देऊन असायचो. आठवड्याभरात हसायला मिळायचं ते तेवढंच, तेही पदराचा बोळा तोंडात धरून.

पण हसता हसता माझा जीव अर्धा व्हायचा, कारण तो रेडिओतला म्हातारा हुबेहूब आमचे मामाजी होता. तसाच दोनदा खाकरायचा, दुसऱ्यांदा लांबवून. ताटसुद्धा सरकवायचा. ओसरीवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे कळलं होतं, एका मामाजींना सोडून.

श्रुतिका संपली की वाद सुरू व्हायचा. गुरुजी म्हणायचे, "विनोद मानसाच्या सोभावातून आला पाह्यजे. हा लेखक काय करून राह्यला? म्हातारा खाकरला का हासा, एवढंच!"

"काहून गुरुजी?" शिंपी म्हणायचा. "माप घेऊन शिवल्यावानी आहे तो म्हातारा. असे लोक असतेत."

"कुठी असतेत? मले एक दाखव," मामाजी तडकायचे. "लिहिनाऱ्यानं जलमात म्हातारा पाह्यला नाई." आणि एवढं बोलून खाकरायचे.

आत आमचं धाबं दणाणायचं. शिंप्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो कधी काय बोलून जाईल याचा नेम नव्हता. जाऊबाई मात्र हळूच आपलं मत द्यायच्या. "म्हातारा खरा आहे. खोटी आहे ते सून. उलटून बोलते, अन् तिले कोनी काई म्हनत नाई. असं घर पाह्यलं तू कुठी?" मी पाहिलं नव्हतं.

मामाजींनी ज्या दिवशी स्वतःला ओळखलं, त्या दिवशी ट्रान्झिस्टर पेटीत जाणार आणि पेटीला कुलूप लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग पुढचं सगळं आयुष्य या घरात न हसता काढायचं.

आणि मग आम्हीच घात केला. एका बुधवारी कामाच्या गडबडीत श्रुतिकेकडे आमचं लक्ष नव्हतं; मी रांजणातून तांब्या भरून वळत होते. बाहेर खाकरल्याचा आवाज आला. दोनदा, दुसऱ्यांदा लांबवून. आम्ही दोघी ताडकन उभ्या राहिलो. जाऊबाईंची परात कलंडली, माझ्या हातचा तांब्या निसटला आणि गडगडत उंबरा ओलांडून ओसरीवर गेला. सगळ्यांच्या माना वळल्या. मामाजी आपल्या जागी मिटल्या तोंडाने बसलेले होते. खाकरला होता तो रेडिओतला म्हातारा, आणि त्याच्यासाठी आम्ही दोघी आत पदर ओढून, माना खाली घालून उभ्या होतो.

शिंपी फिस्सकन हसला.

मामाजींनी तांब्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग ट्रान्झिस्टरकडे. बटण फिरवून तो बंद केला. त्या रात्री त्यांनी ताट सरकवलंही नाही. "भूक नाई," एवढंच दाराला सांगितलं.

ट्रान्झिस्टर काही पेटीत गेला नाही. कोनाड्यात मुका बसून राहिला. पण झालं ते त्याहून वाईट. मामाजींनी खाकरणंच सोडलं. अनवाणी यायचे, पावलांचा आवाज नाही. एकदा मी केस मोकळे सोडून गुणगुणत होते, वळून पाहते तर ते दारात. तसेच परत फिरले. आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो होतो. आता दिवसभर पदर डोक्यावर आणि बोलणं कुजबुजून. जाऊबाई म्हणाल्या, "पह्यले ते येत तवा भेव लागे. आता ते नसले तरी लागते."

पुढच्या बुधवारी गुरुजी आणि शिंपी बिचकतच आले. मामाजींनी स्वतः ट्रान्झिस्टर खाली काढला, पण लावला नाही.

"गुरुजी, तुमी म्हनता ते बराबर आहे," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्याचं खाकरनं काढून टाकलं पाह्यजे. लोक हासतेत."

"तसं एकदम काढावं असं नाई..." गुरुजी चाचरले.

मामाजी दाराकडे वळले. "घरात इचारा," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "धाकली सूनबाई, तुले काय वाटते?"

लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलत होते. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट दाबलं, म्हणजे चूप राहा. तुमचंच खरं, असं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण इतकी घाबरले होते की खोटं सुचलंच नाही.

"खाकरू द्या त्याले, मामाजी," मी म्हणाले. "खाकरला नाई तं जास्त भेव लागते."

शिंपी उगाचच चपला शोधायला लागला. बऱ्याच वेळाने मामाजींनी बटण फिरवलं. श्रुतिका अर्धी होऊन गेली होती. उरलेली आम्ही ऐकली, हसलं मात्र कुणी नाही.

मंडळी गेल्यावर मामाजी ओसरीवरून खाकरले. एकदाच, हळू. आम्ही दोघी उठलो. ते उंबऱ्यात थांबले.

"बसा," ते म्हणाले, दाराकडे नाही, आमच्याकडे पाहून.

आम्हाला काही बसता येईना.