पंख्याची बोट, जाळी आणि एक नारळ

"उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आलेत, जाऊन येऊ," असं धाकटी बहीण शैला कधीची म्हणत होती. शेवटी एका रविवारी बारामतीहून सकाळची एसटी धरली आणि भिगवणला उतरलो. तिथून काठावरच्या गावापर्यंत रिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा.

साधी नाव घ्यायचं ठरलं होतं. पण काठावर नवी पंख्याची बोट लागली होती. सपाट तळ, मागे इंजिन, त्यावर माणसाएवढा पंखा आणि पंख्याभोवती लोखंडी जाळी. जाळीवर झेंडूचा लांब हार. शैला जाळीला पाठ लावून बसलीसुद्धा.

मी जवळून पाहिलं. जाळीवर आतून पातं घासल्याच्या ताज्या, चकचकीत रेघा होत्या. इंजिन बंद होतं, म्हणून तळवा ठेवून दाबून पाहिलं. जाळी सरळ पात्याला टेकली.

"दोन बोटं जागा हाय की, मावशी," बोटीचा मालक म्हणाला.

"कुणी रेललं की संपली ती जागा."

"आजवर कुणाला काय झालं न्हाय."

"शैला, उतर."

"ताई, चारचौघांत तमाशा नको गं."

"उतर म्हटलं ना! आणि तुम्ही आधी रिकामी चालवून दाखवा."

"बघाच मग," म्हणत त्याने हसत इंजिन सुरू केलं. असा पंखा पुढची हवा ओढून मागे फेकतो. हाराचं टोक जाळीतून आत गेलं, झेंडूचा भुगा उडाला, नायलॉनची दोरी ताणली गेली आणि तिने जाळीच आत खेचली. खर्रर्र! इंजिन बंद पडलं. काठावर उतरलेल्या शैलाने खांद्यावरची ओढणी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली.

"हार लांब झालता, दुसरं काय न्हाय," असं म्हणून मालकाने चाकूने दोरी कापली, जाळी हातानेच बाहेर ओढली आणि नारळ फोडला!

"अहो, नारळाने जागा वाढते का? मोठी जाळी बसवा, तिला आडव्या पट्ट्या मारा!"

"मारू की. सीझन सरू द्या."

आम्ही साध्या नावेतून गेलो. नावाडी हळू नेतो, पक्षी उडत नाहीत. तुम्हीही तीच घ्या. परतताना भिगवणला तळलेली चिलापी मासळी खाल्ली. चांगली असणार. मला चव लागली नाही.

घरी आल्यावर शैलाने विचारलं, "ताई, आपल्यानंतर पंख्याच्या बोटीत बसलेल्यांना तू सांगितलंस ना गं?"

सांगितलं होतं. जाळीजवळच्या खुर्चीवर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. तिला पुढे सरकायला सांगितलं, तर तिचा नवराच मला म्हणाला, "काकू, आत्ताच नारळ फोडलाय की."