अर्धी मुळी

“अर्धी ठेव गा! अर्धी माटीत ठेव! सप्पा उपटतं का, मुडद्या?”

बिरजामाय ओरडत होती आणि मी, पन्नाशीचा शाळामास्तर, सुजलेला गुडघा सावरत तिच्या पायाशी मुळी खणत होतो. तिचा आवाज असा, की गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान आमच्या गोरेगावच्या जंगलावर आलं की घाबरून माघारी वळायचं.

तिच्या औषधाचा नेमच होता: ज्याची सूज, त्यानंच खणायचं. रांगत या, पण या. अर्धी मुळी घ्यायची, अर्धी राहू द्यायची, माती टाचेनं दाबून हात जोडायचे. “सूज तुही, मुळी टेकडीची. तिले उपाशी ठेवशीन त ते तुले कायले बरं करन?” मुळीचं नाव विचारलं तर म्हणे, “नावानं सूज उतरते का गा?”

काढा इतका कडू, की त्या आठवड्यात मला चावलेले डास थुंकत गेले. पण कोहळ्याएवढा गुडघा चिकूएवढा झाला. थोडं कमीजास्त धरा.

मग तिच्या जावयानं मोबाइलवर या मुळीचा व्हिडिओ टाकला. गोंदियाहून ऑटो भरभरून लोक आले. सूज कुणाच्याच अंगावर दिसेना. खांद्यावर मात्र कुदळी आणि पोती. माय बांधावरून ओरडत राहिली. लोकांनी तिच्यासोबत सेल्फी काढले आणि पुन्हा खणायला लागले. पुढच्या पावसाळ्यात टेकडीवर मुळीचं एक पान फुटलं नाही. जावयाला मी कच्चा खायच्या बेतात होतो. तो म्हणाला, “सप्पाच लोकं खणून राहिले होते, गुर्जी.”

माय गेली, त्याआधीच्या उन्हाळ्यात तिचेच गुडघे सुजले. विमानं परतवणारी बाई पडवीत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली. पाणी मागायलाही आवाज निघेना. मी टेकडी पालथी घातली. नुसते खड्डे. शेवटी गोंदियाच्या दुकानातून थायलंडच्या कुठल्याशा मुळीची डबी आणली. दुकानदार म्हणाला होता, “गुरुजी, सूजन का दुश्मन है!”

मायनं डबी उघडून वास घेतला. “कोनं खणली?”

“असेल तिकडचं कुणीतरी.”

“अर्धी ठेवली का त्यानं?”

“मला काय ठाऊक, माय! थायलंड कुठं, आपण कुठं! आता तरी घे!” या वेळी ओरडणारा मी होतो.

तिनं झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात परत दिली.

“मंग तिकडं बी एखादी बुढी अशीच बसली असन.”